स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचं ‘मद्रास’

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, सेंट अँड्रूज नावाचं गाव आहे. गोल्फवाल्यांची ही पंढरी. इथलं विद्यापीठ पंधराव्या शतकातलं, स्कॉटलंडमधलं सर्वांत जुनं; युवराज विल्यम इथेच शिकला. या गावच्या सरकारी माध्यमिक शाळेचं नाव मात्र ‘मद्रास कॉलेज’ आहे. नावात कॉलेज असलं तरी ती शाळाच. साधारण बारा ते अठरा वयाची मुलं तिथे शिकतात. खुद्द मद्रासचं १९९६ साली चेन्नई झालं, पण उत्तर समुद्राच्या काठावरचं हे मद्रास अजून मद्रासच आहे.

शाळेला हे नाव कसं पडलं? तिचा संस्थापक अँड्र्यू बेल मद्रासला नोकरी करून आला होता, असं याचं एका ओळीत उत्तर देता येतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. नोकरी करून तर हजारो स्कॉटिश माणसं परतली, त्यांनी गावात वाडे बांधले, चर्चला देणग्या दिल्या. पण तेवढ्यावरून गावच्या शाळेला नोकरीच्या ठिकाणाचं नाव पडत नाही. इथे ‘मद्रास’ हे शहराचं नाव राहिलंच नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘मद्रास सिस्टिम’ म्हटलं की लोकांना शहर नव्हे, शिकवण्याची एक पद्धत आठवायची. शाळेचं नाव त्या पद्धतीवरून पडलं.

अँड्र्यू बेल याच गावात १७५३ साली जन्मला. वडील न्हावी, केसांचे टोपही बनवायचे. मुलगा गणितात आणि पदार्थविज्ञानात हुशार निघाला आणि गावच्याच विद्यापीठात शिकला. १७७४ साली तो अमेरिकेत व्हर्जिनियाला गेला. तिथे कार्टर ब्रॅक्स्टन या बड्या जमीनदाराच्या मुलांना शिकवायचं काम त्याला मिळालं. हा ब्रॅक्स्टन अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. त्याचे तंबाखूचे मळे गुलामांच्या कष्टावर चालत. बेलने शिकवता शिकवता तंबाखूच्या व्यवहारातही हात घातला. पैशाची त्याची नजर पहिल्यापासून पक्की होती. १७८१ साली परतताना वाटेत जहाज फुटलं, त्यातून तो वाचला, मायदेशी येऊन चर्च ऑफ इंग्लंडचा पाद्री झाला आणि १७८७ साली मद्रासला पोहोचला.

कंपनी सरकारच्या पलटणींना पाद्री लागत. बेलने एकाच वेळी आठ पलटणींचं पाद्रीपद मिळवलं. काम एका माणसाचं, पगार आठ जागांचे! त्यात बेकायदा काही नव्हतं, त्या काळी हे चालायचं. पण पुढे सेंट अँड्रूजला जी देखणी इमारत उभी राहिली, तिच्या पायातले सुरुवातीचे दगड या पगारांचे होते, हे ध्यानात ठेवलेलं बरं.

१७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागात गोऱ्या सैनिकांच्या मुलांसाठी एक आश्रम सुरू झाला. मेल ऑर्फन असायलम असं त्याचं नाव. नाव अनाथाश्रमाचं असलं तरी सगळीच मुलं अनाथ नव्हती. बाप युरोपियन शिपाई आणि आई हिंदुस्थानी अशी पुष्कळ मुलं त्यात होती आणि अनेकांच्या आया हयात होत्या. या आयांच्या सहवासात मुलं बिघडतात, त्यांना वेगळं काढून ‘सुधारलं’ पाहिजे, अशी बेलची आणि त्याच्या बरोबरीच्या साहेबांची ठाम समजूत होती. बेल या आश्रमाचा प्रमुख झाला. या कामाचा पगार त्याने घेतला नाही. आठ पगार घेणारा माणूस नववा नाकारतो, यावरून त्याच्या स्वभावाचा थोडा अंदाज येतो. त्याला आता नाव हवं होतं.

वाळूत काढलेली अक्षरं

आश्रमात शिकवणारे मास्तर सुमार होते. त्यांना थोडं शिकवून तयार करावं, तर ते जास्त पगाराच्या दुसऱ्या नोकरीवर निघून जात. अशात एके दिवशी सकाळी घोड्यावरून जाताना बेलला एक देशी शाळा दिसली. मुलं जमिनीवर बसून समोर पसरलेल्या वाळूत बोटाने अक्षरं गिरवत होती. तमिळ मुलुखातली ती ओसरीवरची शाळा. इंग्रज तेव्हा तिथल्या लोकांना सरसकट ‘मलबारी’ म्हणत, म्हणून बेलच्या लिखाणात ती ‘मलबार शाळा’ झाली. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मुलं धूळपाटीवरच अक्षरं गिरवायची. कागद महाग, पाटी-पेन्सिल अजून यायची होती, आणि धूळ फुकट. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी.

बेलने आपल्या मास्तरांना सांगितलं, आपणही वाळूत शिकवू. मास्तरांनी हे जमणार नाही म्हणून हात वर केले. तेव्हा बेलने मुळाक्षरांचा वर्ग जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या हाती दिला. हा एका साध्या शिपायाचा मुलगा. मास्तरला जे जमत नव्हतं ते या पोराने करून दाखवलं. मग बेलने एकेक वर्ग मुलांच्याच ताब्यात द्यायला सुरुवात केली. मोठी मुलं लहानांना शिकवतील, मास्तर फक्त देखरेख करतील, आणि वर बेल.

आता ही पद्धत प्रत्यक्षात कशी चाले ते पाहू, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. एका वर्गात मुलांच्या जोड्या पाडत: एक शिकवणारा, एक शिकणारा. त्या जोड्यांवर एक मदतनीस मुलगा, त्याच्यावर त्या वर्गाचा मुख्य मुलगा-शिक्षक. धडे अगदी छोटे. एक तुकडा पक्का झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मुलं ओळीत उभी राहत. ज्याला उत्तर आलं नाही तो खाली सरके, ज्याला आलं तो वर चढे, त्यामुळे ओळीतल्या जागेवरून कोण कुठे आहे हे केव्हाही कळे. शिकवणारा मुलगा ढिला पडला की तोही आपली जागा गमवी. कुणी खोडी केली तर ती काळ्या वहीत नोंदवली जाई आणि शिक्षा काय द्यायची ते मुलांचंच पंचमंडळ ठरवी. बेलला छडीचा तिटकारा होता. त्या काळातल्या ब्रिटिश शाळा पाहता ही गोष्ट लहान नाही.

या यंत्रणेचा खर्च बघा. शेकडो मुलांमागे एक पगारी माणूस. कागद नाही, शाई नाही. म्हणूनच ती पुढे सरकार, चर्च आणि धनिक अशा सगळ्यांना एकदम आवडली.

इथे एक वाद आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी नीट मांडला जात नाही. आपल्याकडे पुष्कळदा सांगितलं जातं की बेलने आपली पद्धत चोरली. बेल स्वतः काय म्हणत होता? वाळूची कल्पना देशी शाळेतून घेतली हे तो उघड सांगायचा; पण मुलांनी मुलांना शिकवण्याची कल्पना संपूर्ण माझी, असा त्याचा दावा होता आणि त्यासाठी तो आयुष्यभर भांडला. दावा कितपत धरून ठेवायचा? आपल्या देशी शाळांत मोठ्या मुलाने लहानांकडून घोकून घ्यायची रीत बेलच्या कितीतरी आधीची आहे. १६२३ साली पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी आजच्या कर्नाटकातल्या घाटभागातून जात होता. त्याला चार मुलं जमिनीवर बारीक वाळू पसरून, सुरात म्हणत अंक गिरवताना दिसली. जवळ गुरुजी नव्हते. विसरलात तर दुरुस्त कोण करतं, असं त्याने विचारलं. चौघेही एकदम विसरतील असं कसं होईल, असं त्या मुलांनी उत्तर दिलं.

शिवाय कंपनीच्याच लोकांनी ही उसनवारी कबूल केली होती. १८१४ साली लंडनहून संचालकांनी हिंदुस्थानात पाठवलेल्या खलित्यात म्हटलं होतं की देशी शाळांची ही रीत मद्रासच्या माजी पाद्री डॉ. बेलमार्फत इंग्लंडात आली आहे. १८२३ साली बळ्ळारीचा कलेक्टर कॅम्पबेल याने देशी शाळांवर अहवाल लिहिला. शिकलेल्या मुलांकडून नवख्यांना शिकवून घेण्याची ही काटकसरी रीत वाखाणण्यासारखी आहे आणि इंग्लंडने तिचं अनुकरण केलं ते योग्यच केलं, असा त्याचा अभिप्राय होता. माझं मत विचाराल तर बेलने रीत शोधली नाही, तिची शिस्तबद्ध यंत्रणा बनवली. जोड्या, वर्गवारी, नोंदवह्या, ओळीतल्या जागा, हे त्याचं स्वतःचं काम. त्याचं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. त्याखालचा पाया मात्र ओसरीवरच्या शाळेचा होता.

लंडनमधलं भांडण आणि म्हाताऱ्याचा पैसा

बेलने १७९६ साली मद्रास सोडलं आणि पुढच्याच वर्षी आपल्या प्रयोगावर एक छोटं पुस्तक छापलं. लंडनच्या एका शाळेने १७९८ साली पद्धत आजमावून पाहिली. पण त्याच वर्षी लंडनमध्येच जोसेफ लँकॅस्टर नावाच्या तरुण क्वेकरने, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या एका ख्रिस्ती पंथातल्या माणसाने, गरीब मुलांसाठी शाळा काढली आणि बेलशी मिळतीजुळती पद्धत वापरून मोठा गाजावाजा केला. एक मास्तर हजार मुलांना शिकवू शकतो, असं तो म्हणायचा. सुरुवातीला दोघांचं बरं होतं. मग यात चर्च आलं. लँकॅस्टरच्या शाळेत कुठल्याही ख्रिस्ती पंथाचं मूल येऊ शकत होतं. चर्च ऑफ इंग्लंडला ते खपलं नाही. चर्चने बेलला पुढे केलं. १८११ साली चर्चची ‘नॅशनल सोसायटी’ स्थापन झाली आणि तिच्या शाळांतून बेलची मद्रास पद्धत राबवली जाऊ लागली. बेलच्या मरणापर्यंत अशा शाळांची संख्या बारा हजारांच्या वर गेल्याचं सांगतात. लँकॅस्टर कर्जात बुडाला, अमेरिकेला गेला, आणि १८३८ साली न्यूयॉर्कमध्ये घोडागाडीखाली सापडून मेला.

पद्धत मुळात कुणाचीही असो, तिच्यातली खोट दोघांच्याही शाळांत तीच होती. शिकवणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला जेवढं येतं त्यापलीकडे वर्ग जात नाही. ‘का?’ असं कुणी विचारलं तर त्याच्यापाशी उत्तर नसतं. घोकंपट्टी उत्तम होते, समज वाढत नाही. आणि खरं सांगायचं तर या शाळा चालवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना समज वाढायला नकोच होती. गरिबांच्या मुलांना फार शिकवलं तर ती कष्टाच्या कामाला नाक मुरडतील, अशी भीती खुद्द बेलने लिहून ठेवली आहे. वाचता यावं, बायबल कळावं, शिस्त लागावी, पुरे.

गंमत म्हणजे ही पद्धत फिरून पुन्हा आपल्याकडे आली, आणि आली ती विलायती सुधारणा म्हणून. मुंबईत १८१५ साली आर्चडीकन (वरिष्ठ पाद्री) बार्न्सच्या पुढाकाराने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन गरीब मुलांसाठी. तिच्या शाळांत बेलचीच रीत होती. नाशिकजवळ देवळालीला १९२५ साली निघालेलं बार्न्स स्कूल याच संस्थेचं. देशी मुलांसाठी १८२२ साली मुंबईत जी शाळा-पुस्तक मंडळी उभी राहिली, जिच्यात कॅप्टन जर्व्हिस आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी मराठी पाठ्यपुस्तकांचा पाया घातला, तिने देशी शाळांना धड शिक्षणपद्धती नाही अशी तक्रार केली आणि उपाय म्हणून लँकॅस्टरची पद्धत सुचवली. आता या मंडळींना पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांकडून परवचा म्हणवून घेताना दिसली नसतील का? दिसली असणार. पण ती रीत लंडनहून छापील पुस्तकातून येईपर्यंत तिला ‘पद्धत’ म्हणायला कुणी तयार नव्हतं.

इकडे बेल श्रीमंत होत होता. चर्चमधली मानाची आणि उत्पन्नाची पदं त्याला मिळत गेली. डरहमजवळच्या शेर्बर्न हॉस्पिटल या धर्मादाय संस्थेचा तो प्रमुख झाला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतही त्याला पद मिळालं. लग्न केलं, पण टिकलं नाही. खर्च करायला घरात कुणी नाही आणि स्वतः कमालीचा चिक्कू. १८३१ साली, आजारी असताना, त्याने एक लाख वीस हजार पौंड विश्वस्तांच्या हवाली केले. त्या काळात ही अफाट रक्कम होती. तिचे बारा भाग करायचे ठरले: सहा भाग एकट्या सेंट अँड्रूजला, आणि एडिंबरा, लीथ, ग्लासगो, अ‍ॅबर्डीन, इन्व्हर्नेस व लंडनची रॉयल नेव्हल स्कूल यांना एकेक. अट एवढीच की त्या पैशातून मद्रास पद्धत चालली पाहिजे. जानेवारी १८३२ मध्ये तो वारला. न्हाव्याच्या या पोराला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत पुरलं.

शाळा

सेंट अँड्रूजमध्ये आधी दोन शाळा होत्या: एक लॅटिन-ग्रीक शिकवणारी ग्रामर स्कूल आणि दुसरी इंग्रजी शाळा. त्या बेलच्या नव्या संस्थेत विलीन झाल्या आणि १८३३ साली मद्रास कॉलेज सुरू झालं. साउथ स्ट्रीटवरची तिची इमारत विल्यम बर्न या त्या काळच्या नामवंत वास्तुविशारदाने सतराव्या शतकातल्या इंग्लिश धाटणीत बांधली: मधोमध चौक, उंच चिमण्या, कमानी. रस्त्याच्या बाजूला, शाळेच्या अंगणातच, डॉमिनिकन साधूंच्या मठाच्या प्रार्थनामंदिराचा भग्न अवशेष उभा आहे. १५५९ साली धर्मसुधारणेच्या दंगलीत तो मठ उद्ध्वस्त झाला होता. शाळा बांधताना तो अवशेष पाडला नाही, हे चांगलं केलं.

गरिबांच्या मुलांचं स्वस्त शिक्षण ही बेलची मूळ कल्पना. पण गावाला मिळालेली शाळा इतकी चांगली निघाली की मध्यमवर्गाने ती उचलून धरली. मुलांच्या शिक्षणासाठी बाहेरची कुटुंबं सेंट अँड्रूजला येऊन राहू लागली. त्यांत हिंदुस्थानातून पेन्शन घेऊन परतलेलेही होते. १८४२ साली गावचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, झालेला ह्यू लायन प्लेफेअर हा कंपनीच्या बंगाल तोफखान्यातला निवृत्त मेजर. त्याने उकिरडे हटवून, रस्ते रुंद करून गावाचा चेहरामोहरा बदलला. गावाच्या शाळेवर आणि गावाच्या रस्त्यांवर, दोन्हीकडे असा हिंदुस्थानाचा हात फिरला. उलट दिशेलाही वाहतूक होतीच. सेंट अँड्रूज विद्यापीठात शिकलेला रॉबर्ट नेस्बिट १८२७ साली मिशनरी होऊन कोकणात आला आणि त्याचं मराठी ऐकून लोक थक्क होत, असं म्हणतात.

आणि मद्रास पद्धत? ती फार दिवस टिकली नाही. १८४० च्या दशकात ब्रिटनभर तिच्यावरचा विश्वास उडाला. १८४६ पासून सरकारने ‘प्युपिल-टीचर’ योजना आणली: तेरा वर्षांपुढच्या होतकरू मुलांना पाच वर्षं पगारी उमेदवारी आणि त्यानंतर प्रशिक्षण महाविद्यालय. मुलाला मास्तर करायचं, पण आधी मास्तरकी शिकवून. १८७२ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये शिक्षण सक्तीचं झालं आणि शाळा निवडून आलेल्या स्थानिक मंडळांकडे गेल्या. मग बेलच्या विश्वस्तांपुढे प्रश्न पडला: पैसा शिल्लक आहे, पण ज्यासाठी तो ठेवला ती पद्धतच मेली. त्यांनी १८७६ साली त्यातून एडिंबरा आणि सेंट अँड्रूज या दोन विद्यापीठांत शिक्षणशास्त्राची प्राध्यापकपदं निर्माण केली. इंग्रजी बोलणाऱ्या जगातली ही या विषयाची पहिली प्राध्यापकपदं मानली जातात. शिकवण्यासाठी आठ वर्षांचा मुलगा पुरतो असं म्हणणाऱ्या माणसाच्या पैशातून, शिक्षकाला काय काय यावं लागतं याचा विद्यापीठात अभ्यास सुरू झाला! सेंट अँड्रूजचा पहिला प्राध्यापक जे. एम. डी. मिकलजॉन याने पुढे बेलचं चरित्र लिहिलं.

विसाव्या शतकातली गोष्ट थोडक्यात आटपते, कारण ती स्कॉटलंडमधल्या बहुतेक गावांची आहे. तिथे सात वर्षं प्राथमिक आणि सहा वर्षं माध्यमिक शिक्षण असतं. पूर्वी बाराव्या वर्षाच्या सुमाराला मुलांची चाळणी व्हायची: अभ्यासात पुढे असलेली मद्राससारख्या शाळेत, बाकीची दुसरीकडे. १९६० च्या दशकात ही चाळणी संपली. सगळ्या मुलांना एकच शाळा असं धोरण आलं आणि मद्रास कॉलेज गावातल्या सगळ्यांसाठी खुलं झालं. पटसंख्या एकदम वाढली, जुनी इमारत पुरेना, म्हणून १९६७ साली गावाच्या दुसऱ्या टोकाला किलरायमाँट रोडवर दुसरी इमारत बांधली. लहान वर्ग तिकडे, मोठे वर्ग साउथ स्ट्रीटवर. एका शाळेचे दोन तुकडे, आणि मधल्या रस्त्यावर शिक्षकांची ये-जा. ही तात्पुरती सोय पन्नास वर्षांहून जास्त चालली. गायिका केटी टन्स्टॉल याच काळातली इथली विद्यार्थिनी.

नवी एकसंध शाळा कुठे बांधायची यावर गावात बरीच वर्षं वाद झाला. शेवटी गावाच्या पश्चिमेला लँगलँड्स इथे विद्यापीठाच्या जमिनीवर ती बांधली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये दोन्ही इमारतींतली मुलं तिथे एकत्र आली. नुसती गावातली नाही. टेपोर्ट, न्यूपोर्ट, लूकर्स अशा आसपासच्या गावांतूनही बसने मुलं येतात. जमिनीच्या बदल्यात साउथ स्ट्रीटची जुनी इमारत विद्यापीठाला मिळाली. तिथे सामाजिक शास्त्रांचे विभाग आणायची विद्यापीठाची योजना आहे.